मिश्र वाक्य शिकवताना जोडीला गोल करा

नववी-दहावीच्या पोरांना मिश्र वाक्याची, म्हणजे एक मुख्य आणि त्यावर अवलंबून असलेलं एक गौण वाक्य जोडून होणाऱ्या वाक्याची, व्याख्या पाठ करायला लावू नका, पेपर झाला की विसरतात. मी सांगलीत फळ्यावर दोन साधी वाक्यं लिहितो, कृष्णेचं पाणी वाढतं, आयर्विन पुलावर गर्दी होते, आणि जेव्हा-तेव्हा, जर-तर अशा जोड्या देऊन ती जोडायला सांगतो. पोरं 'जेव्हा' लिहितात अन् 'तेव्हा' खातात, वाक्य लटकतं, म्हणून जोडीतल्या दोन्ही शब्दांना एकाच रंगाचा गोल करायला लावा, एक गोल कमी पडला की त्यांचं त्यांनाच कळतं. जो-जी-जे मात्र नामाचं लिंग-वचन बघून, 'जी हळद वाळली ती पोत्यात भरली', इथं 'जो' चालत नाही. आणि हो, वाक्यं जोडणारा 'की' दीर्घच, माझी निम्मी लाल शाई त्यातच संपते.