आमवात असेल तर आहार कसा बदलावा

आईला आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) निदान झालं त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येकजण काहीतरी बंद करायला सांगून गेला. शेजारच्या काकूंनी टोमॅटो आणि वांगं, मावशीने दही, धाकट्या काकांनी सगळ्या डाळी, कारण त्या वातूळ. गावाहून फोनवर कुणीतरी गहू सोडायला सांगितला. आईने सगळ्यांचं ऐकलं. तीन महिन्यांत ती मऊ भात, दुधी आणि मुगाच्या कढणावर आली. वजन ५२ किलोवरून ४६ वर उतरलं आणि बोटं होती तशीच सुजलेली राहिली. डॉक्टरांनी तिचा दंड चाचपून पाहिला आणि म्हणाले, "स्नायू चाललेत यांचे. आधी नीट जेवायला घाला, मग पथ्याचं बघू."

पुढे लिहिलंय ते त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही घरात करून पाहिलेलं आणि वेळोवेळी डॉक्टर-आहारतज्ज्ञांना विचारून घेतलेलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते. आहाराने आमवात जात नाही. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उठते आणि तिला आवरायला औषधं लागतात. औषधांना उशीर झाला तर हाड कुरतडलं जातं आणि ते पुन्हा भरून येत नाही. पण औषधं चालू ठेवून जेवण सुधारलं तर दुखणं, आखडणं आणि थकवा काहीजणांना कमी जाणवतो. रोज सोसणाऱ्या माणसाला एवढा फरकही खूप असतो.

पायरी १: आपला संधिवात कुठला, ते माहीत करून घ्या

आपल्याकडे सांधे दुखले की सरसकट "संधिवात" म्हणतात, पण ताटाच्या दृष्टीने त्याचे प्रकार वेगळे आहेत. आमवातात बहुधा दोन्ही हातांची बोटं, मनगटं, तळपाय असे सांधे सुजतात आणि सकाळचं आखडणं तासतासभर सुटत नाही. झिजेच्या दुखण्यात गुडघे-कंबर जास्त, आणि आखडणं सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतं. तिथे वजन हाच मोठा मुद्दा असतो: वजन एक किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने हलका होतो. गाउटमध्ये युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होऊन ठणकायला लागतो.

हे वेगळेपण का महत्त्वाचं, तर तारलीसारखी तेलकट मासळी आमवातात चांगली, आणि गाउटवाल्याने तीच तारली, कलेजी, बिअर, गोड सरबतं यांपासून लांब राहायचं. शेजारणीला लागू पडलेलं पथ्य आपल्याला उलटं पडतं ते असं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला मदत करणाऱ्या रक्त तपासण्या), युरिक अ‍ॅसिड या तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारा आणि निदानाचं नाव कागदावर लिहून घ्या.

पायरी २: दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी सगळेच गाळतात. आमवात आपोआपही कमी-जास्त होत असतो. आधीचं लिहिलेलं नसेल तर उद्या वाटलेला आराम जेवणाने आला, औषधाने आला की आपसूक, हे सांगता येत नाही.

आम्ही वही केली नाही, भिंतीवरचं कॅलेंडर वापरलं. दुधाचा हिशेब जिथे लिहितो त्याच चौकोनात. उठल्यापासून किती मिनिटांनी मूठ पूर्ण वळली, दुखणं दहापैकी किती, झोप कशी लागली, आणि आदल्या दिवशी काही वेगळं खाल्लं असेल तर तेवढंच. आईची मिनिटं सुरुवातीला ८०, ९० अशी असायची. मूठ वळली हे ओळखायची तिची खूण होती ओला पंचा: तो पिळता आला की घड्याळ बघायचं. आठवड्यातून एकदा वजनही लिहा, तेही त्याच काट्यावर.

पायरी ३: काढण्याआधी घाला

आमवात आणि आहार यांवर जे अभ्यास झाले आहेत त्यात सगळ्यात बरा आधार भूमध्य सागराकाठच्या जेवणाला आहे. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल भरपूर. लाल मांस आणि गोडधोड कमी. स्वीडनमध्ये ५१ रुग्णांवर १२ आठवडे केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जेवणाने आजाराचा जोर कमी झालेला दिसला. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन शिफारस केली ती याच आहारपद्धतीची. तीसुद्धा हात राखूनच, कारण पुरावा फार भक्कम नाही. बाकी नावाजलेल्या डाएटची आणि पूरक गोळ्यांची त्यांनी शिफारस केलेली नाही.

हे वाचून मी पहिल्यांदा ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली आणली होती. तिची गरज नव्हती. भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि माशाचं कालवण हे ताट त्या आहाराच्या बरंच जवळ जातं. आपल्या शेंगदाणा तेलातही ऑलिव्हमधलं ओलिक आम्ल भरपूर असतं. तेल बेताने वापरा आणि तळणीचं उरलेलं पुन्हा तापवू नका, एवढं पुरे.

बदल एकेक करा, दर आठवड्याला एक. आमचा क्रम असा होता.

पहिल्या आठवड्यात उसळ. डाळी बंद करून आईचं सगळ्यात मोठं नुकसान झालं होतं. आमवातात स्नायू तसेही झिजतात, त्यामुळे प्रथिनं कमी पडून चालत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिनं धरा. वाटीभर उसळीत सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. मूग, मटकी, मसूर यांपासून सुरू करा, मोड आणून, नीट शिजवून. पोट फुगत असेल तर अर्धी वाटी घ्या आणि हळूहळू वाढवा. पोट फुगलं म्हणजे सांध्यात वात गेला असं होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मासे. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ चरबी चांगली असते आणि सुरमई-पापलेटपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात. आठवड्यातून दोनदा, तळून नको, कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात. बांगड्याचं तिखलं आमच्याकडे तेव्हापासून रुळलं.

मासे खात नसाल तर जवस. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकतं, म्हणून त्याला माशाची पूर्ण बरोबरी नाही. तरी रोजच्या जेवणात ते असावं. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं, ते कुटूनच खायला हवं. मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग लसूण, सुकी मिरची, थोडे तीळ आणि बेताचं मीठ घालून भरड कुटा. महिनाभराची चटणी एकदम करू नका, कुटलेलं जवस लवकर खवट होतं. आठवड्यापुरती करा, बरणी फ्रीजमध्ये ठेवा. रोज एक चमचा, भाकरीबरोबर.

त्यानंतर पालेभाजी रोज एक, फळ रोज एक, आणि आठवड्यातून तीन-चारदा नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हाडं ठिसूळ होण्याची भीती असते, तेव्हा नाचणी, तीळ, दूध-दही हे हवंच. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, ते अन्नातून पुरेसं मिळणं अवघड असतं.

हातांचा विचार

आहाराचे तक्ते लिहिणारे एक गोष्ट विसरतात. आपल्याकडे आमवाताचा रुग्ण ही बहुतेकदा घरात स्वयंपाक करणारी बाईच असते. भाकरी थापायची, कणीक तिंबायची, कुकरचं झाकण फिरवायचं, खोबरं खवायचं, आणि हे सगळं सकाळी, जेव्हा बोटं सगळ्यात जास्त आखडलेली असतात. आई एकदा पोळपाटासमोर लाटणं हातात धरून नुसतीच बसलेली दिसली. तिला आम्ही पौष्टिक खायला सांगत होतो आणि ते करायला तिच्या हातात बळ नव्हतं.

तेव्हा मोठी चिराचिरी आदल्या संध्याकाळी करा. पालेभाजी निवडायला घरातले इतर बसू देत. कणीक दुसऱ्याने मळावी किंवा यंत्राने. जाड मुठीची सुरी घ्या, बरणीची झाकणं सैल लावा. वेगळं पथ्याचं जेवण रुग्णासाठी शिजवू नका, सगळ्या घराने तेच खावं. वेगळं पातेलं आलं की काम दुप्पट होतं आणि पथ्य महिन्यात सुटतं.

पायरी ४: मग कमी करा

साखर, मैदा, फरसाण, बेकरीचे पदार्थ, डालडा. याबद्दल नवीन सांगण्यासारखं नाही. मिठाकडे मात्र बघा: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडातलं मीठही धरायचं. स्टेरॉइडने अंगात पाणी साठतं, रक्तदाब आणि साखर वाढते, तेव्हा मीठ-साखर दोन्ही जपून. बिडी-सिगारेट असेल तर ती सगळ्यात आधी सोडा. धूम्रपानाने आमवात होण्याचा धोका वाढतो.

पायरी ५: संशयाचे पदार्थ एकेक करून तपासा

आता टोमॅटो, वांगं, दही, गहू. यांनी सगळ्यांचाच आमवात वाढतो असा पुरावा नाही. पण एखाद्याला एखादा पदार्थ सोसत नाही, असं असू शकतं. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातही आमवाताचं वर्णन विरुद्ध आहार आणि मंदावलेला अग्नी यांच्याशी जोडूनच येतं, म्हणजे अन्नाचा संबंध लोकांना पूर्वीपासून जाणवलेला आहे. तो आपल्या बाबतीत खरा आहे का, हे असं बघा.

एकच पदार्थ निवडा. तीन आठवडे पूर्ण बंद. कॅलेंडरवर लिहिणं चालू. मग तीन दिवस तो नेहमीसारखा खा आणि पुढचा आठवडा मिनिटं बघा. आखडणं स्पष्ट वाढलं तर थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा तपासा. दोनदा तेच घडलं तर तो पदार्थ सोडा, नाहीतर मुकाट परत ताटात घ्या. एका वेळी दोन पदार्थ बंद करू नका, आणि या काळात औषध बदललं तर तपासणी नव्याने सुरू करा. आईच्या बाबतीत वांगं निर्दोष निघालं. सहा महिन्यांनी तिने भरली वांगी केली त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.

गव्हाबद्दल एक सावधगिरी. जुलाब, रक्त कमी, वजन घटणं असं सोबत असेल तर गहू सोडण्याआधी गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या सीलिअ‍ॅकची रक्त तपासणी करा. आधी गहू सोडला तर ती तपासणी फसते.

पायरी ६: गोळ्या आणि ताट यांची सांगड

मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्याचा वार कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा, सोबत दिल्या जाणाऱ्या फोलिक अ‍ॅसिडचा वार वेगळ्या रंगात. दारू बंद, यकृतावर आधीच भार असतो. दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर पेज, ताक-भात असं हलकं काही ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी नको. उपवासाच्या दिवशी हे हमखास विसरतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी त्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं. त्यापेक्षा राजगिरा, वरई, दूध, दही घ्या. निर्जळी उपवास असल्या औषधांवर करू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल, जी अशा रुग्णांत बऱ्याचदा असते, तर ती पहाटे रिकाम्या पोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

स्वयंपाकातली हळद खुशाल वापरा. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या, त्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी भांडू शकतात आणि काहींच्या यकृताला बाधल्या आहेत. गुळवेलीचा काढाही विचारल्याशिवाय नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद चालू राहो, पण प्रतिकारशक्ती आवरायची औषधं चालू असताना ती वाढवणारं म्हणून दिलेलं काही आपल्या मनाने घेण्यात धोका आहे.

आणि पुड्या. आईला एका ओळखीच्याने बिननावाच्या पुड्या आणून दिल्या होत्या. आठ दिवसांत सूज गेली, महिन्याभरात चेहरा गोल झाला आणि रक्तातली साखर चढली. त्यात स्टेरॉइड असावं असं डॉक्टरांचं मत पडलं. तुम्ही असं काही घेत असाल तर एकदम थांबवू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

पायरी ७: बारा आठवड्यांनी हिशेब

बारा आठवडे झाले की पहिल्या दोन आठवड्यांची मिनिटं आणि शेवटच्या दोन आठवड्यांची मिनिटं शेजारी मांडा. आईची ९० वरून ४० वर आली होती. यात तिच्या गोळ्यांचाही वाटा होता आणि तो किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. वजन ५० वर आलं, ते मात्र जेवणाचंच. कॅलेंडरची पानं, सीआरपी-ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्त तपासण्या) यांचे अहवाल आणि रोज खाता त्याची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. बरं वाटतंय म्हणून गोळी कमी करायची असेल तर तो निर्णय त्यांच्यासमोरच होऊ द्या.

मधेच ताप आला, एकच सांधा अचानक लाल-गरम झाला, तोंड आलं, काळी शी झाली किंवा दम लागायला लागला, तर बारा आठवड्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा.