गेमिंग लॅपटॉप मधेच हँग होतोय? कुठून शोधायला सुरुवात करायची

मॅच ऐन रंगात आली की स्क्रीन अडकते, आवाज घर्रर्र करत एकाच जागी फिरत राहतो आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय लॅपटॉप काही ऐकत नाही, हे ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुठेही विचारलं की पहिलं उत्तर येतं 'विंडोज नवीन टाक', दुसरं येतं 'थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट) बदल', माणूस बिचारा दोन्ही करून बसतो, चार दिवस बरं चालतं आणि मग परत तेच. यात चूक एवढीच की हँग म्हणजे एकच आजार असं धरून सगळे चालतात. तसं नसतं. म्हणून हँग झाल्या झाल्या पॉवर बटणाकडे हात नेऊ नका, अर्धा मिनिट थांबा आणि आत काय काय जिवंत आहे ते बघा.

स्टेप १ : काय चालू आहे, काय मेलंय

कॅप्स लॉक दाबा. लाइट लागतोय-विझतोय का? मग विंडोज आतून अजून चालू आहे, फक्त चित्र अडकलंय. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स चिपमधला दुभाष्या असलेलं सॉफ्टवेअर) नव्याने चालू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, बारीक बीप येतो, आणि चित्र परत आलं तर तुमचा गुन्हेगार बहुतेक ग्राफिक्सच्या बाजूला बसलाय. चित्र आलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून बघा.

गेमच अडकलाय पण माऊस फिरतोय, मागे डिस्कॉर्डवर मित्रांचा आवाजही येतोय, तर लॅपटॉपला दोष देऊ नका, तो गेम किंवा ड्रायव्हर बघा. सगळंच पाच-दहा सेकंद थांबतं आणि मग आपोआप धावायला लागतं, त्यातून मधे केलेले सगळे क्लिक एकदम होतात, तर संशय एसएसडीवर (विंडोज, गेम आणि फाइल्स साठवणारी डिस्क). कॅप्स लॉकचा लाइटही हलत नाही आणि आवाजाचा तुकडा अडकून वाजतोय, तर मामला रॅम, प्रोसेसर, व्होल्टेज किंवा अगदी खालच्या पातळीवरच्या ड्रायव्हरचा. आणि हँग न होता खटकन बंदच पडतो, तर तो वेगळा विषय, तिथे पॉवर आणि उष्णता आधी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती म्हणजे कधी होतं. लोडवर, म्हणजे गेमचा ताण असताना होतं की गेम बंद करून नुसतं यूट्यूब बघताना? दुसरं असेल तर कूलिंग पॅड आणून काही उपयोग नाही, कारण थंड आणि निवांत असताना होणारी फ्रीझ बऱ्याचदा वीज वाचवण्याच्या सेटिंगमधून येते, त्याकडे पुढे येतोच.

स्टेप २ : विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील. तिथे लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१ अशी नोंद असेल तर ग्राफिक्स चिप उत्तर देत नव्हती असं समजा. यापेक्षा खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम, आणि हँग झालं त्या वेळेच्या आधीची दोन-चार मिनिटं बघा.

इथे सगळ्यांना कर्नल पॉवर ४१ दिसतं आणि नावात पॉवर आहे म्हणून लोक नवा चार्जर मागवतात. अहो, ती नोंद फक्त एवढंच सांगते की लॅपटॉप नीट शटडाऊन न होता बंद झाला. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी तीच नोंद पडते! ती सोडा आणि तिच्या आधी काय आहे ते शोधा. डिस्प्ले ४१०१ असेल तर ड्रायव्हर अडकून परत उठला होता (विंडोज ग्राफिक्स चिपची साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हरला जबरदस्तीने उठवतं). १२९ नंबरची 'रिसेट टू डिव्हाइस' वाली नोंद किंवा डिस्कची ७ नंबरची नोंद म्हणजे एसएसडी किंवा तिचा ड्रायव्हर. डब्ल्यूएचईए लॉगर दिसला तर हार्डवेअरने स्वतः तक्रार नोंदवलीय, ती हलक्यात घेऊ नका. आणि काहीच नाही सापडलं तर तोही पुरावाच आहे, लिहायलाही वेळ न मिळता सगळं एका झटक्यात थांबलं असा त्याचा अर्थ.

हे सगळं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढे सर्व्हिस सेंटरला लागेल.

स्टेप ३ : तुम्हीच केलेले उद्योग आधी उलटे करा

अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी) केलंय? ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीड)? यूट्यूब बघून थ्रॉटलस्टॉप नावाच्या टूलमध्ये आकडे भरलेत? सगळं मूळ सेटिंगला आणा, 'पण ते तर सहा महिने नीट चालत होतं' हा मुद्दा इथे चालत नाही, एखादा नवा गेम किंवा अपडेट प्रोसेसरवर वेगळा ताण टाकतो आणि काठावरचं व्होल्टेज तिथे कमी पडतं. मग डिस्कॉर्डचा, स्टीमचा आणि ग्राफिक्सवाल्या सॉफ्टवेअरचा ओव्हरले (गेमच्या वर दिसणारा त्यांचा पडदा) बंद करा, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) दाखवणारं जे काय असेल ते बंद करा, कीबोर्डचे रंगीबेरंगी लाइट चालवणारी सॉफ्टवेअरं दोन-दोन असतील तर एक काढून टाका. दोन अँटीव्हायरस असतील तर त्यातलाही एक काढा.

पण सगळं एकदम नको. एका वेळी एकच बदल करायचा, मग जितक्या वेळात एरवी हँग होतं त्याच्या दुप्पट तरी खेळून बघायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण सहा बदल एकदम केले आणि बरं झालं तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि महिन्याने परत झालं की परत शून्यापासून सुरुवात.

स्टेप ४ : चार्जर आणि प्लग

गेमिंग लॅपटॉपचा चार्जर वीट का असतो, तर त्याला बऱ्याचदा १८० पासून ३३० वॅटपर्यंत द्यायचे असतात. टाइप-सी चा ६५ किंवा १०० वॅटचा चार्जर लावून गेम खेळलात तर कमी पडेल ती वीज बॅटरीतून ओढली जाते आणि स्पीड खाली येतो. त्यामुळे टेस्ट करताना कंपनीचाच चार्जर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, तीन पिनांच्या प्लगमध्येच लावा, आणि बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर घराची अर्थिंग तपासून घ्या. एकदा नुसत्या बॅटरीवर पण खेळून बघा, स्पीड कमी मिळेल, पण हँग थांबलं तर दिशा मिळते.

टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण फुगलंय असं वाटलं तर इथेच थांबायचं. बॅटरी फुगलीय. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आणि बॅटरी बदलल्याशिवाय पुढची एकही स्टेप करू नका.

स्टेप ५ : ड्रायव्हर

इथे गंमत अशी की लोक एनव्हिडियाचा ड्रायव्हर दर पंधरा दिवसांनी टाकतात पण आत दुसरं ग्राफिक्स पण आहे, इंटेलचं किंवा एएमडीचं, ते विसरतात. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये साधी कामं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं आणि गेम आला की मोठ्या चिपकडे जातं, आणि ह्या अदलाबदलीत एक ड्रायव्हर नवा एक जुना असेल तर घोळ होऊ शकतो. म्हणून दोन्ही अपडेट करा. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच (कोणतं ग्राफिक्स वापरायचं ते ठरवणारी सोय) असेल तर काही दिवस फक्त मोठ्या ग्राफिक्सवर ठेवून बघा, हँग थांबलं तर गडबड त्या अदलाबदलीत.

नवीनच ड्रायव्हरनंतर सुरू झालं असेल तर मागे जा. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट टूल मिळतं, सेफ मोडमध्ये जाऊन त्याने जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करायचा, इंटरनेट बंद ठेवायचं (नाहीतर विंडोज अपडेट आपल्या मनाने दुसराच टाकून मोकळं होतं) आणि मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाकायचा. तो जुना असतो, पण त्या मॉडेलसाठी दिलेला असतो.

बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) पण बघा. एएमडीच्या रायझन सिस्टमवर काही सेकंद सगळं अडखळायचं, त्याचं मूळ एफटीपीएम नावाच्या सिक्युरिटीच्या सोयीत निघालं, एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि उपाय बायोस अपडेटमधूनच आला. याउलट इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होण्याचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं, ते वाचून लॅपटॉपवाले घाबरले, पण इंटेलचं म्हणणं असं की तो दोष डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा, लॅपटॉपच्या नाही. बायोस टाकण्याआधी चार्जर लावलेला हवा आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर निळी स्क्रीन ती की मागत बसते आणि तुमच्याकडे ती नसते.

निवांत असताना हँग होणाऱ्यांनी पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन वीज वाचवणारं पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करावं, फास्ट स्टार्टअप पण बंद करावं. दोन मिनिटांचं काम आहे.

स्टेप ६ : गरमी खरंच दोषी आहे का

एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, सेन्सर उघडा, लॉगिंग चालू करा आणि खेळा. हँग झाल्यावर परत चालू करून त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर ९५ डिग्रीला गेला म्हणून लगेच घाबरायचं नाही, आजचे बरेच लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०० पर्यंत जाऊन स्वतःचा स्पीड कमी करतात, म्हणजे गरमीने आधी एफपीएस पडतात, अगदीच हाताबाहेर गेलं तर लॅपटॉप बंद पडतो. नुसती फ्रीझ हे गरमीचं पहिलं लक्षण नाही. पण एसएसडीचं तापमान जरूर बघा, ती काही मॉडेलमध्ये ग्राफिक्सच्या शेजारीच दाबून बसवलेली असते.

एक साधी टेस्ट: पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपवर याने टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा स्पीड) बंद होतो. आता हँग थांबलं तर गरमी, व्होल्टेज किंवा पॉवर यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता जास्त, तरीही होतंय तर पेस्ट बदलण्याचे पैसे वाचले.

नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी मे महिन्यात वेगळा विचार करावा. बहुतेक लॅपटॉपचं मॅन्युअल खोलीचं तापमान ३५ डिग्रीपर्यंत असावं म्हणतं, आणि बाहेर ४५ असताना दुपारी पंख्याखाली गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणार असाल तर त्याची काय चूक? साफसफाई करताना हार्डवेअरच्या दुकानातला मोठा ब्लोअर मारायचा असेल तर लॅपटॉप बंद करून, फॅनचं पातं काडीने धरून मारा, मोकळा फॅन त्या वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब करतो.

स्टेप ७ : रॅम आणि एसएसडी

एसएसडी आधी, कारण तिथे डेटा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो (एसएसडीची तब्येत दाखवणारं टूल) चालवा. हेल्थ टक्केवारीपेक्षा मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स ही ओळ बघा, ती शून्य असली पाहिजे. शून्य नसेल तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप. सी ड्राइव्ह गच्च लाल असेल तर १५-२० टक्के जागा मोकळी करा, एसएसडीच्या फर्मवेअरचं (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलं असेल तर टाका.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या आणि रात्रभर लावून झोपा. एक जरी एरर आली तरी ती रॅम नापास, 'एकच तर आहे' असं होत नाही. नंतर दोन स्टिक असतील तर एक एक काढून, स्लॉट बदलून खेळून बघा. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपमध्ये ऑनलाइन मागवलेली ८ जीबीची जादा स्टिक होती, गेम चालायचा पण सोबत क्रोम उघडलं की जागच्या जागी दगड. स्टिक चांगली होती हो! उघडून बघितलं तर एका बाजूची क्लिप बसलीच नव्हती, सोनेरी पट्टी एका कोपऱ्यात केसभर जास्त दिसत होती. तिरकी घालून खाली दाबताना दोन्ही बाजूंना टक असा आवाज यायला हवा. उघडण्याआधी मात्र वॉरंटीत झाकण उघडायला परवानगी आहे का हे कंपनीला विचारून घ्या, आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय आत बोट घालू नका.

स्टेप ८ : विंडोज की हार्डवेअर, शेवटचा निकाल

विंडोज नवीन टाकायच्या आधी उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि 'ट्राय' निवडून दोन-तीन तास व्हिडिओ वगैरे चालू द्या. तिथेही हँग झालं तर विंडोज टाकून काही होणार नाही, हार्डवेअर किंवा बायोसकडे बोट जातं. तिथे नीट चालतंय आणि विंडोजवर निवांत असतानाही अडकतंय, तर मग खुशाल बॅकअप घेऊन विंडोज टाका, आणि टाकल्यावर फक्त ड्रायव्हर आणि एकच गेम घालून बघा, आधीची सगळी पलटण लगेच परत बोलावू नका.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर 'कधी कधी हँग होतो' एवढं सांगून लॅपटॉप देऊ नका, कारण तिथे ते अर्धा तास डेस्कटॉप उघडा ठेवतात, काही होत नाही, आणि 'नो प्रॉब्लेम फाउंड' लिहून परत देतात. हँग झालेल्याचा व्हिडिओ काढा ज्यात कॅप्स लॉक दाबतानाचं बोट आणि न लागणारा लाइट दोन्ही दिसतील, सोबत इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो, मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो, कोणत्या गेममध्ये किती वेळाने होतं ते, आणि तुम्ही काय काय करून पाहिलं त्याची यादी ईमेलने पाठवा. तोंडी नको, ईमेलनेच, म्हणजे वॉरंटी संपायच्या आत तक्रार केल्याची तारीख तुमच्याकडे राहते. आणि जॉब शीटवर तुमची तक्रार त्यांनी नेमकी काय लिहिलीय ते वाचल्याशिवाय सही करू नका, तिथे नुसतं 'स्लो' लिहिलेलं असेल तर खोडून 'लोडवर पूर्ण फ्रीझ, कीबोर्ड बंद' असं लिहायला लावा.