जोराचा पाऊस, जोराचा वारा: इंग्रजीत शब्द वेगळे

रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग आडवी झाली की आपण म्हणतो, ‘जोराचा वारा आला, जोराचा पाऊस झाला.’ दोन्हींना ‘जोराचा’ चालतं. इंग्रजीत नाही. पावसाला ‘हेवी’, वाऱ्याला ‘स्ट्राँग’. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हटकून ‘स्ट्राँग रेन’ किंवा ‘हेवी विंड’ लिहितात. व्याकरणाची चूक नाही ती, जोडी चुकते.

म्हणून ‘रेन’ हा शब्द एकटा पाठ करू नका, त्याच्या सोबत्यांसकट करा. रिमझिम म्हणजे ‘लाइट रेन’. झड लागली, दिवसभर एका लयीत पडतोय, तर ‘स्टेडी रेन’. शेतातून येताना पावसात सापडलात, तर ‘आय गॉट कॉट इन द रेन’. यात ‘कॉट’ म्हणजे सापडणं, अगदी आपल्यासारखंच! अशी जुळणारी जोडी एकदा ऐकली की विसरत नाही.

अहिराणीत पावसाला ‘पानी’ म्हणतात, म्हणून घरात अहिराणी बोलणारं लेकरू कधी ‘वॉटर इज कमिंग’ लिहून जातं. त्याला रागावू नका. ‘इट इज रेनिंग’ हे अख्खं वाक्य खिडकीशी उभं करून, पाऊस दाखवत म्हणून घ्या.