जुनी ऑटोमॅटिक गिअर बदलताना अडखळतेय? आधी डिपस्टिक काढा

‘डी’ला टाकल्यावर गाडी उशिरा हलते, किंवा कात्रजच्या चढाला इंजिन नुसतंच गुरगुरतं आणि गाडी ओढत नाही? गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी त्याचं ऑइल डिपस्टिकने (पातळी मोजायची पट्टी) बघा.

१. पंधरा-वीस मिनिटं चालवून गाडी सपाट जागी लावा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवा, ‘पी’ला आणा. इंजिन चालूच ठेवा. (होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र बंद करून बघतात, मॅन्युअल पाहा.)

२. गिअरबॉक्सची (इंजिनची नव्हे) डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घालून काढा. पातळी ‘हॉट’च्या खुणांखाली असेल तर बहुतेक कुठेतरी गळती आहे, हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही.

३. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि करपट वास म्हणजे क्लच प्लेट जळल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून कूलंट शिरलंय. मग गाडी चालवूच नका, टो करून न्या.

कमी असेल तर एका वेळी २०० मिलीच घाला आणि परत मोजा. जास्त झालं तर फेस होतो आणि गिअर तसेच घसरतात. नाना पेठेतून ऑइल आणताना डब्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवा. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, बिनटप्प्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल यात चालत नाही.