दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि महामारी : ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) या चुका टाळा

मार्च 2020मध्ये, कोविडच्या साथीत, ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजांनी (सर्जनांच्या संस्थांनी) लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, शक्यतो करू नका असा सल्ला दिला. धास्ती होती ती पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि कॉटरीच्या (विजेने ऊती कापणाऱ्या-जाळणाऱ्या उपकरणाच्या) धुरातून विषाणू पसरण्याची. पुढे ही भूमिका सैल झाली आणि ते योग्यच झालं. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही धूर होतो आणि तो थेट तोंडावर येतो. दुर्बिणीत तो निदान कोंडलेला असतो. तो बाहेर कसा सोडायचा हे आपल्या हातात आहे.

चूक नेमकी तिथेच होते. स्क्रीन धुरकट झाली की असिस्टंट सवयीने पोर्टचा (पोटातल्या छेदात बसवलेल्या नळीचा) कॉक उघडतो. फुस्स आवाज येतो, चित्र लख्ख दिसतं आणि पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटर दाबाखालचा वायू टेबलाशी उभ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे जातो. कोरियातल्या एका अभ्यासात अशा धुरात हिपॅटायटिस बीचा डीएनए सापडला होता. त्यामुळे संसर्ग होतोच असं नाही, पण हा धूर निरुपद्रवी मानू नये. कॉकला फिल्टर लावलेली नळी जोडा. अल्पा (ULPA) हा अतिसूक्ष्म कणांसाठीचा फिल्टर 0.1 मायक्रॉनचे कणही अडवतो.

शेवटची पाच मिनिटं सर्वांत धोक्याची, कारण तेव्हा सगळे घाईत असतात. पित्ताशयासारखा अवयव बाहेर काढण्याआधी आणि ट्रोकार (पोर्टची नळी) उपसण्याआधी पोटातला सगळा वायू फिल्टरमधून काढून घ्या. ट्रोकार आधी ओढला, तर तोच वायू छेदातून खोलीत येतो. इन्सफ्लेटर (पोटात वायू भरणारं यंत्र) बंद करण्यापूर्वी त्याच्या नळीचा कॉक बंद करा, नाहीतर पोटातला वायू उलटा यंत्रात शिरतो.

छेद मोठा घेतला की पोर्टभोवती गळती होते. वायू आत येत असतानाही दाब टिकत नसेल, तर आधी तिथे बघा. कॉटरी गरजेपुरतीच ठेवा आणि एकाच जागी रेंगाळू नका.

धुराची काळजी घेताना भूल विसरू नका. साथ असताना इंट्युबेशनच्या (श्वासनलिकेत नळी घालण्याच्या) वेळी भूलतज्ज्ञ आणि त्यांचा मदतनीस यांच्याशिवाय कुणी खोलीत थांबू नये. रुग्णाची कोविड चाचणी निगेटिव्ह आली म्हणून एन95 मास्क सोडू नका, संसर्गाच्या सुरुवातीला चाचणी चुकू शकते. आणि व्हॉल्व्हचा (श्वास बाहेर सोडायची झडप असलेला) एन95 ओटीत नकोच: तो घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास न गाळता रुग्णावर सोडतो.