चार देशांचे सायबर कायदे शोधायला माणूस नेमताना

आंबा आणि मासळी परदेशी पाठवणाऱ्या रत्नागिरीतल्या एका पेढीत मी कागदपत्रं आणि परदेशी पत्रव्यवहार सांभाळते. सायबर कायद्याशी माझा काही संबंध यायचं कारण नव्हतं. पण दुबईच्या खरेदीदाराला आमच्या नावाने मेल गेला, की ऑडिटमुळे आमचं खातं बदललंय, पैसे नव्या खात्यात टाका. त्यांनी टाकले. मेलच्या पत्त्यात एकच अक्षर वेगळं होतं. आमचे मालक, आबा, म्हणाले, "अगो, कुठल्या देशात कोणाकडे जायचं ते एकदाचं शोधून ठेव. माणूस नेमायचा तर नेम." तो कसा नेमायचा, ते इथे लिहिते. आमचा माल जातो अमिरात, ब्रिटन आणि सिंगापूरला. चौथा देश आपला.

"जगभरातल्या सायबर कायद्यांचा अभ्यास करून द्या" असं काम कोणालाही देऊ नका. एका सल्लागार कंपनीने आम्हाला तीस देशांचा संग्रह देऊ केला होता, रंगीत नकाशासकट. नकाशा घेऊन मी करू काय? कायद्यांची यादी घरबसल्या मिळते. पैसे मोजायचे ते उत्तरासाठी: आपल्यावर आलेला प्रसंग उद्या पुन्हा आला, तर कोणी, किती तासांत, कोणत्या कचेरीत, कोणता कागद घेऊन जायचं? मी प्रसंग अर्ध्या पानात लिहून काढला आणि खाली प्रत्येक देशासाठी तेच प्रश्न टाकले. हा गुन्हा तिथे कोणत्या कलमात बसतो? तक्रार आम्ही करायची की खरेदीदाराने? भारतात बसून करता येते का? पुरावा कोणत्या स्वरूपात लागतो? आणि त्या देशात आम्ही काय करू नये?

शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत उपयोगी पडला. अमिरातीचा सध्याचा सायबर कायदा म्हणजे 2021 चा 34 क्रमांकाचा संघीय कायदा, 2 जानेवारी 2022 पासून लागू. त्यात फसवणूक, हॅकिंग आहेच, पण ऑनलाइन अपमान आणि बदनामी हाही गुन्हा आहे. चिडून आमच्या पोराने खरेदीदाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "तुमचाच माणूस चोर" असं टाकलं असतं, तर फिर्यादी आम्ही आणि आरोपीही आम्हीच.

वकिलाआधी संगणकाच्या माणसाला बसवा. कोणी आपला मेलबॉक्स फोडला, की बाहेरूनच आपलं सोंग घेतलं? यावर कलमं बदलतात. ब्रिटनमध्ये आत शिरण्याला 1990 चा कॉम्प्युटर मिसयूज अ‍ॅक्ट लागतो, नुसत्या सोंगाला 2006 चा फ्रॉड अ‍ॅक्ट. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात शिरकावाला 43 आणि 66, दुसऱ्याची ओळख वापरण्याला 66 सी, संगणकाच्या आधारे तोतयेगिरीला 66 डी. गुन्हेगार देशाबाहेरचा असेल तर कलम 75 बघायचं, आणि तिथे अट आहे की गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतलेला हवा. म्हणजे मेलबॉक्स फुटलाच नसेल, तर सल्लागाराला आधी या कलमापाशीच घाम गाळावा लागतो.

तो मेल फॉरवर्ड करून देऊ नका, त्याने मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद, जाते. मूळ फाइल उतरवून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा. स्क्रीनशॉटची चळत घेऊन आलेल्याला पोलीस ठाण्यात काय ऐकावं लागतं ते मी ऐकलेलं आहे.

आता माणूस. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे चांगला वकील इंटरनेटवर झळकत नसेल तर दचकू नका. झळकणारे बहुतेक सनद नसलेले सल्लागार असतात. त्यांचं काम वाईटच असतं असं नाही, पण वकिलाशी झालेल्या बोलण्याला गोपनीयतेचं जे कायदेशीर संरक्षण मिळतं ते यांच्याशी बोलताना मिळत नाही. नुसत्या गोपनीयतेच्या करारावर विसंबून त्यांच्यापुढे सगळं ओकू नका. खरेदीदाराचे बँक तपशील, पासपोर्टच्या प्रती काळ्या पट्ट्या मारूनच द्या.

पारख करायला फोनवर दोन-तीन प्रश्न पुरतात. पहिला: आमच्या प्रसंगाला आपल्याकडची कोणती कलमं? उत्तरात 66 ए आलं तर फोन ठेवा. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्येच रद्द केलं. 1 जुलै 2024 नंतरच्या घटनेला कोणी भारतीय दंड संहितेचं 420 लावत असेल तरी तेच. आता भारतीय न्याय संहितेचं 318 (4) आहे. गंमत म्हणजे सिंगापूरच्या दंड संहितेत फसवणुकीला अजून 420 च आहे, इंग्रजांनी दोघांना एकच साचा दिलेला. दुसरा प्रश्न: बुडापेस्ट करार आपल्याला लागू होतो का? 2001 च्या या सायबर गुन्हे करारात ब्रिटन आहे. भारत, अमिरात आणि सिंगापूर नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा नवा करार डिसेंबर 2024 मध्ये आमसभेने मंजूर केला, पण चाळीस देशांनी मान्यता दिल्याशिवाय तो अंमलात येत नाही. आपल्या कामाचे आहेत ते फौजदारी बाबतीतल्या परस्पर साहाय्याचे करार. ते या तिन्ही देशांशी आहेत आणि गृह मंत्रालयामार्फत चालतात, म्हणजे सावकाश चालतात. सावकाश हा शब्द तुमच्या सल्लागाराच्या तोंडून यायला हवा. "महिनाभरात पैसे परत" म्हणणारा माणूस कायद्याचा अभ्यास करत नाही, गिऱ्हाईक करतो.

तिसरा प्रश्न आबांनी मध्येच फोन ओढून विचारला. "खरेदीदार ग्लासगोचा असला तर?" चिपळूणची एक तरुण वकील होती पलीकडे. ती क्षणभर थांबली. "काका, स्कॉटलंडचा फौजदारी कायदा वेगळा. फ्रॉड अ‍ॅक्ट तिथे तसाच्या तसा चालत नाही. मला तिथल्या वकिलाला विचारावं लागेल, त्याचे वेगळे पैसे होतील." आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "हिलाच दे." बाकी सगळ्यांनी ठोकून दिलं होतं, की ब्रिटन म्हणजे ब्रिटन.

कारण चारही देशांचा कायदा एका माणसाला येत नाही, येऊही नये. आपला सल्लागार प्रश्न नीट मांडणारा आणि उत्तरं जुळवणारा. प्रत्येक देशाचं पान तिथल्या वकिलाने वाचून सही केलेलं हवं, आणि हे करारात लिहा. अमिरातीचा कायदा अरबीत आहे आणि वाद झाला तर अरबी मजकूरच प्रमाण, तेव्हा इंग्रजी भाषांतरावर थांबलेला अहवाल अर्धाच समजा.

फी आधी ठरवून घ्या, देशागणिक. ब्रिटनचे सॉलिसिटर सहा-सहा मिनिटांचे तुकडे मोजून बिल लावतात, त्यामुळे तिथे कमाल मर्यादा लिहून घेतल्याशिवाय मेलला उत्तरही देऊ नका. परदेशी पैसे पाठवताना कर कापायचा का, दुहेरी करआकारणी टाळायच्या कराराचा फायदा मिळतो का, रिव्हर्स चार्जने जीएसटी आपल्यावर येतो का, हे करार करण्याआधी सीएला विचारा. नंतर विचारलं की फी फुगते.

चारही देश एकदम देऊ नका. ज्याचा प्रसंग ताजा आहे तो एक देश आधी द्या. अहवाल आला की आंब्याची पेटी घेताना करतो तसं करा, वरचा थर बाजूला करून खालचा बघा. मी मधलंच एखादं कलम उचलते, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन शब्दन् शब्द ताडते. प्रत्येक कलमापुढे मूळ मजकुराचा दुवा आणि तो शेवटचा कधी तपासला ती तारीख हवीच. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेले अहवाल येतात, आणि त्यात नसलेले खटले फार ऐटीत उभे असतात.

अहवालात आणखी एक गोष्ट शोधा: सल्लागाराने "हे सायबर कायद्याचं काम नाही" असं कुठे म्हटलंय का. आमच्या प्रकरणात बुडालेले पैसे कोणी सोसायचे, आम्ही की खरेदीदाराने, हा विषय खरेदीच्या कराराचा. चिपळूणच्या त्या वकिलीणबाईने तो वेगळ्या पानावर काढला आणि आमच्या करारात खातं बदलण्याची पद्धतच लिहिलेली नाही, हे दाखवलं. भरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या आयटी सचिवांकडे पाच कोटींपर्यंतचा दावा नेता येतो, हेही तिच्याकडूनच कळलं. आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर आपण लगेच फोन करावा, पण दुबईच्या बँकेतून गेलेला पैसा थांबवायची विनंती खरेदीदारालाच स्वतःच्या बँकेत, त्याच दिवशी करावी लागते, हे तिने पहिल्या ओळीत लिहिलं होतं.

काम जूनमध्ये द्या. आंबा संपलेला असतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ऑफिसात प्रश्नांना उत्तरं द्यायला माणसं सापडतात. मार्चमध्ये दिलंत तर सल्लागाराच्या मेलला आबा दिवाळीत उत्तर देतील.

आम्ही शेवटचा हप्ता राखून ठेवला होता. तिने ऑफिसात यायचं, एक खोटा मेल आमच्याच मुलांवर सोडायचा, आणि अहवालातली पानं बघून ती मुलं योग्य ठिकाणी फोन लावतात का ते बघायचं. सिंगापूरच्या पानावर मुलं अडली, ते पान तिने पुन्हा लिहून दिलं, मग चेक निघाला.