कार्डावर न केलेला खर्च दिसला? आधी बँक, मग १९३०, पुण्याचा भाचा नंतर

आपल्याकडे, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारकडे, क्रेडिट कार्डाची काही भानगड झाली की पहिला फोन बँकेला जातच नाही, तो जातो पुण्याला कंपनीत असलेल्या भाच्याला. भाचा मीटिंगमध्ये. संध्याकाळी बघतो मामा म्हणतो, मग स्क्रीनशॉट मागतो, मग शनिवार-रविवार येतो, आणि इकडे घरात आप्पांना कळू नये म्हणून सगळं कुजबुजत चाललेलं. तोवर चोराने त्या कार्डावर गिफ्ट व्हाउचर घेतलेले असतात, वॉलेट भरलेलं असतं, दुसऱ्याच कोणाचं बिलही भरून झालेलं असतं. भाचा हुशार आहे, मान्य, पण कार्ड ब्लॉक करायचं बटण तुमच्याच मोबाईलमध्ये आहे ना भो.

तर आधी गडबड झाल्यावर काय करायचं ते सांगतो, सांभाळायचं कसं ते नंतर.

मेसेज आला, खर्च तुमचा नाही, लगेच कार्ड ब्लॉक. बँकेच्या ॲपमध्ये होतं, नेटबँकिंगमधून होतं, नाहीतर बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरला फोन करून होतं. ॲपमध्ये बऱ्याचदा दोन पर्याय दिसतात, एक तात्पुरतं लॉक आणि दुसरं कायमचं ब्लॉक. कार्ड सोफ्याच्या फटीत गेलंय असं वाटत असेल तर लॉक ठीक आहे, पण खर्चच झालाय म्हणजे नंबर बाहेर गेलाय, तिथे कायमचंच ब्लॉक करा, नवीन कार्ड येतं, त्यात जीव अडकवू नका. आणि बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका हो. कस्टमर केअर म्हणून खोटे नंबर टाकून बसलेले लोक तिथेच तुमची वाट बघत असतात. नंबर कार्डाच्या मागे असतो, महिन्याच्या बिलावर असतो, आजच घरातल्या डायरीत लिहून ठेवा, कारण पाकीटच हरवलं तर कार्डाच्या मागचा नंबर वाचणार कुठून.

फोनवर माणूस भेटला की रामायण सांगत बसू नका. हा व्यवहार मी केलेला नाही, एवढी रक्कम, या दुकानाच्या नावाने, एवढ्या वाजता, फ्रॉड म्हणून नोंदवा आणि तक्रार नंबर द्या. तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. वेळही लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी तेच सगळं ईमेलनेही पाठवा. पुढे सगळा वाद "तुम्ही आम्हाला कधी कळवलं" यावरच होतो, म्हणून हा कागद तुमच्याकडे पाहिजे.

दुसरा फोन १९३०. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. इथे तक्रार गेली की पैसा ज्या वॉलेटात, खात्यात किंवा दुकानाकडे गेलाय तिथे तो अडवायचा प्रयत्न होतो, म्हणून तासाभरात केलेला फोन आणि चार दिवसांनी केलेला फोन यात फार फरक पडतो. बँकेचं नाव, व्यवहाराची वेळ, रक्कम, मेसेजमधला व्यवहार नंबर हे समोर घेऊन बसा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार टाका, आणि फोन लागला तरी तिथली तक्रार पूर्ण करून पावती काढून ठेवाच. जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलीस ठाणं आहे, नाहीतर जवळच्या पोलीस स्टेशनलाही तक्रार देता येते, बँक नंतर त्याची कॉपी मागू शकते.

आता पैसे परत मिळतात का? हा प्रश्न सगळे विचारतात आणि बहुतेकांना उत्तर अर्धंच माहीत असतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याचे नियम घातले, त्यात तीन वाटा आहेत. बँकेच्याच चुकीने झालं तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठून तरी डेटा फुटला, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलं तर थोडा भार तुमच्यावर येतो, ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डाला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजार, त्याच्या वरच्या लिमिटला २५ हजार. ७ कामाचे दिवस उलटले की मग बँकेचं धोरण असेल तसं. वरच्या दोन वाटांत बसत असाल तर कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यावर परत टाकायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. शिवाय चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, तुमचं नाही. हे वाक्य शाखेत जाऊन शांतपणे म्हणायला शिका, समोरचा जरा नीट बसतो.

तिसरी वाट म्हणजे तुम्हीच ओटीपी सांगितला. इथे लोक खचतात. आता काय तोंड दाखवायचं म्हणून गप्प बसतात, बायकोला सांगत नाहीत, मुलाला सांगत नाहीत. अरे पण नियम नीट वाचा, ओटीपी दिल्यामुळे गेलेला पैसा बँकेला कळवेपर्यंतचाच तुमच्या गळ्यात असतो, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेत घालवलेला प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो. माझी चोपड्याची आत्या, वय सत्तरीच्या आसपास, तिने ओटीपी दिला आणि फोन ठेवल्या ठेवल्या शेजारच्या पोराला हाक मारून म्हणाली, "भाऊ, मन्हा कार्ड बंद कर आधी, चहा मंग दिसू." (म्हणजे चहा नंतर देईन.) पहिला व्यवहार गेला तो गेला, पण त्याच्या मागून लागलेले दोन नाकारले गेले. लाजली असती तर तेही गेले असते.

बिलाचं एक लक्षात ठेवा. वादातली रक्कम बिलात दिसली म्हणून रागाने अख्खं बिलच थांबवतात काही जण, ते करू नका. बाकीचा तुमचा खरा खर्च आहे तो वेळेवर भरा, नाहीतर व्याज लागतं आणि सिबिल, म्हणजे तुमची कर्जाची पत दाखवणारा स्कोअर, बिघडतं, मग उद्या ट्रॅक्टरच्या लोनला अडचण. फ्रॉड म्हणून नोंदवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत चार्ज लावता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तरी बँकेकडून ते ईमेलवर लिहून घ्या. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, माहितीसाठी फोन १४४४८. फी नाही, वकील लागत नाही.

आणि पैसे गेलेल्या माणसाला काही दिवसांनी अजून एक फोन येतो बरं का. सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा. तोही चोरच. एकदा गळाला लागलेल्याचा नंबर ही मंडळी जपून ठेवतात.

आता सांभाळायचं कसं. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठं हत्यार तुमच्या ॲपमध्ये पडून आहे आणि कोणी त्याला हात लावत नाही. बँकेचं ॲप उघडा, कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, तिथे वेगवेगळे स्विच दिसतील, ऑनलाइन, दुकानातलं मशीन, एटीएम, टॅप करून पैसे, आणि हे सगळं देशात वेगळं, परदेशात वेगळं. ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये बँकांना सक्तीची केली. तुम्ही फैजपूरला राहता, दुबईला जायचं काही ठरलेलं नाही, मग परदेशी व्यवहार चालू कशाला? आपल्या देशातल्या साइटवर ओटीपी लागतो, पण बाहेरच्या बऱ्याच साइट कार्ड नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे उचलतात, ओटीपीचा प्रश्नच नाही. पुष्कळदा चोर आधी एखाद्या डॉलरचा छोटा व्यवहार करून बघतो, चाललं की मोठा घाव घालतो. म्हणून परदेशी स्विच बंद, आणि ऐंशी-नव्वद रुपयांचा अनोळखी मेसेज आला तर "जाऊ दे, किरकोळ आहे" म्हणायचं नाही.

ऑनलाइनचा स्विचसुद्धा खरेदीपुरता चालू करून परत बंद करता येतो, सवय लागली की कंटाळा येत नाही. लिमिटचंही तसंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावच्या सराफात सोनं घ्यायचं म्हणून लिमिट वाढवलं, बरोबर आहे, पण पाटल्या घरी आल्या की खाली आणा. टॅप करून पैसे देताना ५ हजारांपर्यंत पिन लागत नाही, कार्ड हरवलं तर उचलणाऱ्यालाही लागत नाही, टॅप वापरतच नसाल तर तेही बंद.

दुसरं, ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. आपण काय करतो, सहा आकडे तेवढे बघतो आणि टाकतो. पण बहुतेक बँकांच्या मेसेजमध्ये रक्कम असते, दुकानाचं नाव असतं. फोनवरचा गोड माणूस म्हणतो रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार, जमा करण्यासाठी कोड सांगा, आणि मेसेजमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं की ४९,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी. पॉइंट जमा करायला, लिमिट वाढवायला, वार्षिक फी माफ करायला बँक तुम्हाला फोन करून ओटीपी विचारत नाही. कोणाकडून पैसे घ्यायला पिन लागत नाही. बस.

मग ते एपीके. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, आरटीओचं चलन येतं, फाइलच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ती पत्रिका नाही, ते ॲप आहे, टाकलं की तुमचे मेसेज परस्पर चोराकडे जायला लागतात, मग ओटीपी तुम्ही सांगा नाहीतर सांगू नका. लग्नसराईत आपल्याकडे रोज चार पत्रिका येतात, त्यात हे खपून जातं. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचाच फोन हॅक झालेला असेल. चुकून टाकलंच तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा, मग मोबाईलवाल्याकडे जा. आणि "स्क्रीन शेअर करा, मी दुरुस्त करून देतो" म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे कट.

दुकानात आणि ढाब्यावर एक घाणेरडी सवय आहे, शेवभाजीची वाटी अजून समोर आहे आणि पोऱ्या कार्ड घेऊन गल्ल्याकडे जाता जाता लांबूनच ओरडतो, "भाऊ, पिन काय?" आणि आपणही सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल असा सांगतो! कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही, मशीन टेबलाशी मागवा नाहीतर आपण उठून जा, स्क्रीनवरची रक्कम बघा, पिन स्वतः दाबा, दुसऱ्या हाताने झाकून. पेट्रोल पंपावरही काच खाली करून कार्ड देऊन मोबाईल बघत बसू नका. कार्डाच्या मागचे तीन आकडे पाठ करून त्यावर पट्टी चिकटवणारे लोक मी बघितलेत, मला तो वेडेपणा वाटत नाही.

ऑनलाइन खरेदीत इन्स्टावर पैठणी ७९९ ला दिसली, मिक्सर ४९९ ला दिसला, की थांबा. साइटचं नाव अक्षर अक्षर वाचा, पत्ता आहे का, परत पाठवायची सोय लिहिली आहे का, जीएसटी नंबर दिला असेल तर तो सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळतं का. नुसतं कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून साइट खरी होत नाही, कुलूप चोरालाही मिळतं. बँकेच्या साइटचं मात्र आता बरं झालंय, रिझर्व्ह बँकेने बँकांना शेवटी डॉट बँक डॉट इन असलेला पत्ता घ्यायला लावलाय, तो नसेल तर लॉगिन करू नका. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार साइटला तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी वापरायचा दुसरा सांकेतिक नंबर, ठेवतात, म्हणून एखादी साइट कार्ड सेव्ह करू का विचारते तेव्हा मोठ्या साइटवर घाबरायचं कारण नाही. अनोळखी साइटवर मात्र कार्डच टाकू नका, सेव्ह करणं लांबची गोष्ट.

माल आलाच नाही किंवा पैठणीऐवजी चिंधी आली, तर त्याची वाट वेगळी. तो व्यवहार तुम्हीच केलाय, त्यामुळे बँकेला "मी केला नाही" असं खोटं सांगू नका, तिथेच केस पडते. माल मिळाला नाही म्हणून डिस्प्यूट टाका, म्हणजे चार्जबॅक, दुकानदाराकडून बँकेमार्फत पैसे परत, मागा, ऑर्डरची पावती, दुकानदाराशी झालेलं चॅटिंग, खोक्याचे फोटो जोडा. याला मुदत असते, तर दुकानदार "दोन दिवसांत पाठवतो" म्हणत महिना काढत असेल तर त्याच्या गोड बोलण्यावर राहू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करा. म्हणूनच नवीन साइटवर घ्यायचंच असेल तर मी यूपीआय किंवा डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड वापरतो, खात्यातला पैसा तरी लगेच जात नाही आणि भांडायला जागा राहते.

ब्लॉक केल्यावर नवीन कार्ड आलं की जुनं चिपमधून आडवं कापा. जुन्या नंबरवर लाइट बिल, विम्याचा हप्ता, मोबाईल रिचार्ज असं काही आपोआप कटत असेल तर त्याची यादी करून नवीन कार्ड जोडा, नाहीतर विम्याचा हप्ता चुकतो आणि ते महिन्याने कळतं. नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. फोनवर कोणी "चालू करून देऊ का सर" म्हटलं तर नको म्हणा, लागेल तेव्हा ॲपमधून तुम्हीच करा.